दंडावरची चकती

तात्या, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली आणि मी आता लिहितोय, माफ करा. मनात पुष्कळदा यायचं, पण कागद पुढे घेतला की हात मागे यायचा.

माझ्या डाव्या दंडावर मुलीनं एक चकती चिकटवली आहे, रुपयापेक्षा थोडी मोठी. तिच्याखालची केसासारखी तार कातडीत राहते आणि अंगातली साखर फोनवर दिसते, माझ्याही आणि तिच्याही. सारखं बोट टोचायला नको. मधूनच साखर उतरून मला भोवळ येते, म्हणून मुलगी हडपसरची नोकरी सोडून घरी बसायला निघाली होती. चकती लावून पंधरा दिवस साखर नीट राहिली तर सोडणार नाही, असं ठरलं. तेव्हापासून मी दिवसभर फोनच बघत बसायचो.

तुम्ही मांजरी गावच्या शेतावर उसाच्या पेरात टोचणी घालायचात, रसाचा थेंब काचेवर घ्यायचात आणि एक डोळा मिटून नळीतून बघत साखर सांगायचात. पुढे साखर तुमच्याच रक्तात निघाली. त्या दुपारी इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं आणि जेवण लांबलं. तुम्ही ओसरीत बसलाय, सदरा घामानं भिजलाय आणि मला म्हणताय, जरा गूळ आण. मी सातवीपर्यंत शिकलेला. साखरेच्या माणसाला गूळ म्हणजे विष, एवढंच मला ठाऊक. गूळ संपलाय, म्हटलं. तुम्ही तिथंच आडवे झालात. नशीब, आई शेतावरून वेळेत आली आणि तिनं साखरपाणी पाजलं. उठून बसल्यावर तुम्ही एवढंच बोललात, "ऊस बोलत न्हाई म्हणून टोचावा लागतो. मी तर तोंडानं सांगत व्हतो."

काल, बाराव्या दिवशी, दुपारी फोन कोकलायला लागला. आकडा पार खाली. झालं, पोरीची नोकरी गेली, असं म्हणत मी पलंगावर उठून बसलो, तोच तिचा फोन.

"बाबा, आकडा राहू दे. घाम आलाय का? कसं वाटतंय ते सांगा."

काही होत नाही, म्हटलं, झोपलो होतो.

"कुठल्या कुशीवर?"

"डाव्या."

"म्हणजे चकतीवरच. ती दबली की खोटं सांगते. बोट टोचून बघा."

टोचलं. साखर चांगली होती. थोड्या वेळानं फोनवरचा आकडाही वर आला. "आता उजव्या कुशीवर घोरा," ती म्हणाली, "मला मीटिंग आहे." मीटिंग आहे म्हणजे नोकरी आहे. किती दिवसांनी मी पोटभर जेवलो, तात्या.

तिनं पहिल्यांदा जे विचारलं, ते मी तुम्हाला विचारलं नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. चकतीच्या रिकाम्या खोक्यात ठेवतो. एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी गूळ संपला नव्हता. डबा पिठाच्या पिंपामागे मीच सरकवला होता. राग धरला असेल तर तसं लवकर कळवा. वाट बघणं मला झेपत नाही, तुम्हाला माहीतच आहे.