पान दोनशे सातवरची ओळ

मंगळवार, १४ तारीख, दुपार

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र ठणठणीत आहे. याआधीची दोन पत्रं तू न फोडता परत पाठवलीस. हे तरी फोड.

आपला इंग्रजी वाक्प्रचारांचा कोश उद्या छापायला जातोय. तू प्रत्येकाचा इतिहास लिहायचीस आणि खाली मी उदाहरण द्यायचो, तेही घरातलंच. आठवतं? 'रुबिकॉन ओलांडणे': सेनापती सैन्यासह ती नदी उतरला, आता माघार नाही. त्याखाली माझं, 'कुणालाही न विचारता आईने भिंतीला निळ्या रंगाचा पहिला हात मारला आणि रुबिकॉन ओलांडली.' 'पिऱ्हिक विजया'खाली काका आहेत. गच्चीचं भांडण जिंकले, शेजार गमावला. काल मुद्रितं तपासताना एकटाच हसत बसलो होतो.

एकाच नोंदीखालची ओळ रिकामी राहिली होती. 'हात धुणे.' समोरचा माणूस निर्दोष आहे हे त्या रोमन सुभेदाराला ठाऊक होतं, तरी गर्दीपुढे पाणी मागवून त्याने हात धुतले आणि त्याला क्रुसावर जाऊ दिलं. शेवटी तू लिहिलंयस, 'आपण मराठीत हात झटकतो. दादा, उदाहरण दे.' दुसऱ्याच दिवशी तुला कामावरून काढलं.

दुसऱ्या कोशातून उचललेल्या त्या अकरा नोंदी संपादकांनी टेबलावर टाकल्या आणि विचारलं, "इतिहास कोण लिहितं?" मी म्हणालो, "ती." खोटं नव्हतं. पण त्या अकरा मी टाइप केल्या होत्या, तू तापाने पडली होतीस तेव्हा, मुदत गाठायला. तुला ते तिथेच कळलं. मी बोलेन म्हणून तू माझ्याकडे बघत राहिलीस, आणि मी खिडकीबाहेर. चिमणे, मी घाबरलो. दुसरं काही कारण नव्हतं.

आज सकाळी संपादकांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "आत्ता सांगताय? पानं लागली, मुखपृष्ठ तुमच्या एकट्याच्या नावाने छापून झालं. एखादी ओळ बदलायची असेल तर बदला."

ती रिकामी ओळ भरली. पान दोनशे सात, 'हात धुणे'खाली: 'हा कोश बहिणीने उभा केला, चोरी मी केली, आणि आळ तिच्यावर आला तेव्हा मी हात धुतले.'

एवढीच जागा मिळाली गं.

पुस्तक पाठवतो. पत्र हवं तर परत कर, पुस्तक करू नकोस. ते तुझं आहे.

तू म्हणशील तरच तुझा,
दादा