सोळा सक शहाण्णव

कसाल, वैशाख वद्य पंचमी

सौ. सुशीला हीस,

सदानंददादाचे मनापासून आशीर्वाद. भावोजींना नमस्कार. (त्यांच्या मानेचा पट्टा सुटला का?) सुशांत रोज मोटारसायकलने गोव्यात कामाला जातो असे कळले, त्याला हेल्मेट घालायला सांग. तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या दोन्ही गुडघ्यांचे आता एकमेकांशी पटत नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितो. ते पोस्टमन उंबऱ्यावर टाकूनच जातो. अकरा वर्षांपूर्वी कचेरीत हक्कसोडपत्रावर सही करून तू रिक्षात बसलीस, त्यानंतर या घराची पायरी चढलेली नाहीस. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. पत्रास कारण आंबे.

मागीलदारच्या रायवळ आंब्याचे सोळा वाटे आजोबांच्या वेळेपासून पडतात, तुला ठाऊकच आहे. रुपया सोळा आण्यांचा, तसे झाडही सोळा आण्यांचे. बाबांच्या मागे माझे सहा (थोरला म्हणून राखणीचा एक जास्त), बाळाचे पाच आणि शिवाचे पाच. आपला शिवा गेल्यापासून त्याचे पाच त्याचा गुरुप्रसाद नेतो. आणे बंद होऊन सत्तर वर्षे होत आली, पण सरकारने ते रुपयातून काढले, आपल्या आंब्यावरून नव्हे. यंदा गुरुप्रसाद म्हणाला की, कणकवलीच्या ऑफिसात हे सांगितले की लोक हसतात, तेव्हा आता शेकड्यात करा. (ऑफिसात आपल्या आंब्याची चर्चा का व्हावी, हे मी विचारले नाही.) चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवले मी. तिथल्या तिथे तोंडी सांगून टाकले: आण्याचे पैसे सहा, म्हणजे माझे शेकडा छत्तीस, तुमचे तीस-तीस.

आण्याचे सहा हे मी पदरचे सांगितले नाही. १९५७च्या एप्रिलात नवे पैसे आले तेव्हा मी तिसरीत होतो, तू जेमतेम चार वर्षांची. बाबांनी बाजारातल्या आपल्या दुकानात तक्ता टांगला होता: एका आण्याचे सहा नवे पैसे, चार आण्यांचे पंचवीस. आता सहा चोक चोवीस. मधला एक पैसा कुठून आला हे बाबांना कुणी समजावून सांगेना, पण वाडीतल्या आनंदीबाईंना ते पहिल्याच दिवशी कळले. त्या चार आण्यांची तपकीर एकदम न घेता आण्या-आण्याची चार वेळा न्यायच्या, दर वेळी सहा पैसे ठेवून. एका पैशासाठी त्यांच्या चार खेपा व्हायच्या आणि बाबा चारही वेळा उठून पुडी बांधायचे. चौथ्या खेपेला ते नुसते तक्त्याकडे बघायचे. पैसा गेल्याचे त्यांना वाईट वाटत नसे. जन्मभर पाठ केलेला हिशेब खोटा ठरला, हे लागले होते. मला ते या वयात समजते.

तर यंदा बाराशे आंबे उतरले. चारशे बत्तीस मी घेतले, तीनशे साठ बाळाने, तीनशे साठ गुरुप्रसादने, आणि पडवीत अठ्ठेचाळीस तसेच उरले. गुरुप्रसादने मोबाईल काढला. "काकानू, सोळा सक शाण्णव. वरचे चार खंय गेले?" बाळा म्हणाला, "दादा, तुका मास्तर कोणी केल्यान रे?" त्याच्या शेवंतीने (तिची जीभ तू ओळखतेस) राखणवाल्यांनीच ते राखून ठेवले असतील, असे भिंतीला ऐकवले. सोळा वाट्यांना आणखी तीन-तीन घातले की मिटले असते, पण डोकी तापली होती आणि मी तोंड उघडले नाही. आता जो हात लावेल तो चोर. शेवटी असे ठरले की, ज्याचा या झाडात वाटा नाही अशा घरच्या माणसाने निकाल द्यावा. तशी या घराण्यात तू एकटीच आहेस. तरी येऊन निकाल द्यावास, ही विनंती.

तुझा दादा,
सदानंद

ता.क. एसटीने तिठ्यावर उतर, गुरुप्रसाद गाडी घेऊन येईल. आंबे पेंढ्यात घातले आहेत. आठवडाभर दम धरतील, पुढचे सांगवत नाही.

ता.क. २. हे पत्र बाळाला दाखवू नकोस. आण्याचे सव्वासहा होतात, हे मी छड्या मारून पोरांकडून घोकून घेतले आहे. माझी चूक झालेली नाही. सुशीलेचे काढून ठेवा, असे त्या दोघांना तोंडावर सांगायचा धीर मला अकरा वर्षांत झाला नाही, म्हणून हिशेबातच भोक ठेवले.

ता.क. ३. आपण चार भावंडे. सोळा आण्यांत तुझे चार, म्हणजे शेकडा पंचवीस. तेही मला येते. त्या दिवशी कचेरीत तुझ्या हातात दिलेले पेन माझ्याच खिशातले होते. शेकड्यातले मी चारच काढू शकलो. उरलेले एकवीस मागायला ये. भांडत ये, पण ये.