दोघंही गप्प होतो म्हणे

मेदेयीन, १४ ऑगस्ट

आन्सीसार यांस,

नमस्कार. तुमच्या आईची तब्येत ठीक आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. मीही बरी आहे. ती तुमच्याकडे मायामीला येतेय, म्हणून पत्र तिच्याच हाती देतेय. फोनवर बोलून पाठवलं असतं तर त्यालाही चाल लावून मोकळे झाला असतात.

अहो-जाहो बघून दचकू नका. आपल्या डोंगरावर राग आला की माणसं 'तुम्ही' म्हणतात, एवढं विसरला नसाल.

तुम्ही लिहिलेलं गाणं मिळालं. चाल गोड आहे, झक मारत कबूल करते. सहा वर्षं लग्नांत आणि पोरींच्या पंधराव्या वाढदिवसांना गाणाऱ्या बाईला तुमच्याबरोबर द्वंद्वगीत, म्हणजे नशीबच उघडलं असं गल्लीभर चाललंय. 'जवळजवळ काहीतरी' हे नावही बरोबर. प्रेमाच्या उंबरठ्यावरच राहिलेल्या आपल्यासारख्यांना इथे तेच म्हणतात. पण माझ्या कडव्यात काय लिहिलंय? 'तूही गप्प, मीही गप्प, दोष कुणाचाच नाही.'

कोण गप्प होतं?

निर्मात्याला सांगितलं, ही ओळ खोटी आहे. तो म्हणाला, "बाई, गाणं आहे हे, पंचनामा नाही. तुम्ही नाही तर दुसरी गाईल."

तुमच्या आईला ओळ वाचून दाखवली. तव्यावरचे मक्याचे जाडसर आरेपा उलटत ती म्हणाली, "कसली गप्प? याच ओट्यापाशी बोललीस की. ऐकता ऐकता चटका बसला होता मला. पोरगा माझाच, पण भित्रा मेला."

हो, बोलले होते. दुसऱ्या दिवशी तुझं विमान होतं. माझे हात मक्याच्या पिठाने भरलेले. म्हटलं, जाऊ नकोस, माझं प्रेम आहे तुझ्यावर. आणि तू म्हणालास, "आभारी आहे." बँकेतल्या कारकुनासारखं. मी हसले आणि पुढचा गोळा थापायला घेतला.

नंतर लाजेपोटी मीच सगळ्यांना सांगत सुटले, आम्ही दोघंही कधी बोललोच नाही. ते खोटं माझं होतं. तू ते उचलून मलाच गायला दिलंस, याचा संताप जास्त आहे.

बघ, 'तू'वर आले. राहू दे, खोडत नाही.

काल रेकॉर्डिंग केलं. त्या ओळीच्या जागी ओट्यापाशी बोललेलं वाक्य गायले, जसंच्या तसं. पुढच्या चार मात्रा मोकळ्या सोडल्यात. निर्माता चिडलाय. बोलावू दे दुसरीला, मी लग्नांत गाईन. पण माझ्याबरोबर गायचं असेल तर त्या चार मात्रांत तुझं खरं उत्तर गा. सुरात गा, आणि सगळ्यांना ऐकू येईल असं.

राग गेलेला नाही. दुसरंही गेलेलं नाही, आणि ते लिहायची आता लाज वाटत नाही.

लुस दारी