पहिला खांदा आणि सदतीस मार्कर

१२ जानेवारी
...आणि आमच्या खानदानीपणाचा दुसरा पुरावा म्हणजे नाक. पहिला पुरावा आडनाव, ते काल लिहिलंच. शिलेदार! म्हणजे स्वतःचा घोडा असलेला माणूस. सध्या घरात स्कूटी आहे, तीही आईची. पण रक्त ते रक्त. आणि हे नाक: माझं, बाबांचं, आजोबांचं. सरळ, धारदार. याउलट नातेपुत्याचा बाळूदादा. आडनाव तेच, पण नाक म्हणजे बटाटेवडा. कुठून तरी येऊन चिकटलेत हे लोक आमच्या भावकीला.

चैत्रात गावी भैरोबाची जत्रा. गाव करमाळ्याच्या अलीकडे, मॅपवर झूम केल्यावर दिसतं. पालखीचा पहिला खांदा थोरल्या घराचा, म्हणजे आमचा. बावीस वर्षं बाबांनी घेतला, यंदा मला देणार म्हणालेत. दुसरा खांदा बाळूदादाच्या घराचा. म्हणजे शेजारी कोण, तर ट्रॅक्टरचे टायर विकणारा? नो वे.

वाय-डीएनए टेस्ट करणार. वाय क्रोमोझोम बापाकडून मुलाला जातो, जवळजवळ जसाच्या तसा, पिढ्यानपिढ्या. लबाडीला जागाच नाही. किट ऑर्डर केले. तीन.

२० जानेवारी
कागदी पुरावाही लागेल. तहसीलला गेलो, जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची नक्कल मागितली. क्लार्क म्हणाला, कशाला, जात पडताळणीला? म्हटलं, इतिहासासाठी. म्हणाला, इतिहासाला अर्जाचा नमुना नाही. असली माणसं बसवल्यावर देशाचं काय होणार.

२ फेब्रुवारी
बाबांनी बिरप्पाला आमच्या भवानी पेठेतल्या घरी बोलावलं. बिरप्पा हेळवी. हे लोक घरोघर फिरून त्या त्या घराची वंशावळ वाचतात, नवीन जन्मलेल्यांची नावं वहीत चढवतात आणि धान्य-कपडे घेऊन जातात. म्हणजे डेटाबेस, पण गाठोड्यात बांधलेला.

बिरप्पा वाचायला लागला. अर्धं मराठी, अर्धं कानडी, सगळं सुरात. एका नावामागे चार गोष्टी. कोण विहिरीत पडला, कुणाची दुसरी बायको पळाली. माझ्या पणजोबांवर आला, म्हणाला, दौलत, आता ह्येची कथा अशी हाय की... म्हटलं, कथा नको. फक्त पुरुष, फक्त नावं. त्याने बाबांकडे बघितलं. बाबांनी पंख्याकडे. मग म्हणतो कसा, साहेब, नाव म्हंजे खुंटी, कथा म्हंजे तिला बांधलेलं जनावर, नुसत्या खुंट्या नेऊन काय करतायसा?

जनावरं तुमच्याकडेच ठेवा. एक्सेलमध्ये रिमार्क्सचा कॉलम होता, डिलीट केला. सात पिढ्या, सात नावं. क्लीन डेटा.

९ फेब्रुवारी
गावी जाऊन सॅम्पल घेतले. गालाच्या आत काडी फिरवायची, बस. पण आधी तासभर तोंडात काही नको. आबासाहेब म्हणजे आजोबांचे लांबचे चुलतभाऊ, वय एक्क्याऐंशी, भावकीचे सुप्रीम कोर्ट. ते म्हणाले, तासभर तंबाखू न्हाय? त्यापेक्षा बोट काप की माजं. चाळीस मिनिटांवर सेटलमेंट झाली.

बाळूदादा आ करून उभा राहिला आणि म्हणाला, आरं साहेब, किडका दात दिसला तर तेवढा सांग, डॉक्टरची फी वाचंल. सगळे हसले. हसा. एप्रिलमध्ये बघू.

१६ फेब्रुवारी
रिझल्टनंतर कुणी पलटू नये म्हणून करारनामा केला. स्टॅम्प पेपरवर. मुख्य कलम: "ज्याचा वाय-डीएनए मूळ शिलेदार घराण्याशी जुळणार नाही, त्याने पालखीस हात लावू नये. अपवाद नाही." मूळ घराणं कोणतं, हे ठरवायला आबासाहेबांचं सॅम्पल. ते स्वतःच सुचवलं. फेअर माणूस आहे मी.

सही पहिली माझी. लीडरशिप. आबासाहेब म्हणाले चष्मा सापडंना. बाळूदादा म्हणाला पेन चालंना (माझं पेन! जे माझ्यासाठी चाललं!). बाबा म्हणाले, बघू. असल्या लोकांमुळेच पानिपत होतं. कागद चुरगळायला लागला म्हणून लॅमिनेट करून देवळाच्या दारावर लावला. आता कुणाला सही करायची तर करता येणार नाही, हे एसटीत बसल्यावर लक्षात आलं. पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अकरा अंगठे आलेत. चालतं.

२९ मार्च
खांद्याची प्रॅक्टिस. भरलेला सिलिंडर उचलला. आईने लाटणं उचललं. उद्यापासून रिकामा सिलिंडर.

६ एप्रिल, सकाळी ९
रिझल्ट आला!!

६ एप्रिल, सकाळी ९.२०
आबासाहेब आणि बाळूदादा: सदतीस मार्करपैकी, म्हणजे डीएनएवरच्या तपासलेल्या खुणांपैकी, सदतीस जुळले. मी: वंशगटच वेगळा. या गटांना इंग्रजी अक्षरं असतात, माझं अक्षरच वेगळं.

६ एप्रिल, सकाळी ११
शांतपणे विचार केला. निष्कर्ष: आबासाहेबही बोगस. दोघं मिळालेले आहेत. मेजॉरिटी म्हणजे सत्य नव्हे.

७ एप्रिल
लॅबला फोन. म्हटलं, सॅम्पल बदलले असतील. बाई म्हणाल्या, तिन्ही बारकोड तुम्हीच चिकटवलेत. उद्धट.

८ एप्रिल
बिरप्पाला फोन केला. फक्त व्हेरिफिकेशन म्हणून. तो म्हणाला, व्हय व्हय, दौलतची कथा राहिलीच की. थोरल्या घरात म्हादजीला पोर न्हवतं. त्येची बायकू सोजरबाई, आक्कलकोटाकडची. तिनं भावाचं पोरगं दत्तक घेतलं, तो दौलत. भावाची तीन पोरं व्हती, त्यातलं देखण्या नाकाचं निवडलं, आसं वहीत हाय.

फोन ठेवला. आरशात बघितलं नाही.

बाबांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, सगळ्या भावकीला माहीत आहे. दत्तक घेतला म्हणजे मुलगा झाला, विषय संपला. शंभर वर्षांत कुणी तोंडातून काढलं नाही. म्हटलं, मला का नाही सांगितलं? तर म्हणाले, बिरप्पा सांगत होता, तू त्याला थांबवलंस.

जत्रेचा पांढरा सदरा ते इस्त्री करत होते. अर्धाच झाला होता. तसाच घडी घालून कपाटात ठेवला. मग मला फक्त दूध आण म्हणाले.

१५ एप्रिल
गावी एकटाच गेलो, करारनामा काढून आणायला. देवळाच्या दारापुढे बाळूदादाच उभा. बोट ठेवून ठेवून कागद वाचत होता. म्हणाला, लई भारी लिवलंयस, इंग्लिश मीडियमचा असून. म्हटलं, काढू का? तो म्हणाला, आबासाहेबांना इचार. आबासाहेब म्हणाले, देवाच्या दारावर लावल्यालं आपण काढत न्हाय. यावर मी कोणत्याही कलमाची तरतूद केली नव्हती.

२१ एप्रिल, जत्रा
बाबा घरातल्याच शर्टवर आले, गर्दीत मागे उभे राहिले. पालखी निघायची वेळ झाली. मी डोळे मिटून घेतले.

आबासाहेब दारावरच्या कागदापुढे जाऊन उभे राहिले. चष्मा बरोबर सापडला. सगळा मोठ्याने वाचून घेतला आणि विचारलं, सही कुणाची हाय? बाळूदादा म्हणाला, एकट्या अथर्वची. आबासाहेब म्हणाले, मग कागद एकट्या अथर्वला लागू. आणि बाळूदादाने बाबांच्या दंडाला धरून ओढलं, म्हणाला, काका, चला बिगीबिगी, देव ताटकळलाय. पहिला खांदा बाबांचा. दुसरा बाळूदादाचा. नेहमीसारखा.

बाबा पालखीखाली गेले तेव्हा एकदा मागे वळून बघितलं. माझ्याकडेच असावं. धुरामुळे नीट दिसलं नाही.

धूर जनरेटरचा. लाइटिंगच्या गाड्याला मागून ढकलायला माणूस हवा होता, आणि गाडा म्हणजे पालखी नव्हे, त्यामुळे कराराचा भंग होत नाही, हे आबासाहेबांनीच काढून दिलं. दोन किलोमीटर ढकलला. प्रॅक्टिसचा उपयोग झाला.

पुढच्या वर्षीची तयारी आजपासून. ही डायरी कुणी वाचणार नाही, पण वाचलीच तर खरं सांगा: ज्या करारावर एकट्याचीच सही आहे, तो त्याने स्वतःच फाडला तर चालतं ना? तुम्हाला काय वाटतं?