गौरीचं भजनवेड

बुधवार, दिवेलागण

चारा छावणी उठून महिना झाला. आज दूध सोसायटीत सगळ्यांनी छावणीतले फोटो दाखवले. लई हसलो. भजनाच्या प्रत्येक फोटोत आमची गौरी गाय पखवाजाकडं मान लांबवून उभी! गौरीला भजनाचं वेड हाय, असं मी छावणीभर मिरवलं होतं. पखवाज वाजवणारे धारूरचे किसनआबा आज म्हणले, "येड कशाचं, बाई? भजन झालं की पखवाजाच्या तोंडाला थापलेली ओली कणीक खरवडून तिलाच चारत व्हतो."

मी बावळट! पण मग तो शेवटचा फोटो? त्या दिवशी पाण्याचा टँकर आला नव्हता, भजनही झालं न्हाई. पखवाज कापडात बांधलेला. तरी गौरीपुढं आबांच्या मुठीत ताज्या भिजवलेल्या कणकेचा गोळा हाय, आणि शेजारी त्यांचा प्यायच्या पाण्याचा तांब्या रिकामा, पालथा.