ह्यांना ऐकू येईल असं चाक

चिरंजीव ढेप्या यास,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. (बँकेतून साहेब म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला ढेप्या म्हणू नये असं भावजयबाईंचं म्हणणं आहे. पण लहानपणी तुला कडेवर घेऊन मी हिंडले आहे, वजन मला माहीत आहे.) गुडघा कसा आहे? भावजयबाईंची पाठ? आम्ही ठणठणीत. ह्यांची मान मात्र तशीच, म्हणजे सरळ. ना डावीकडे वळत, ना उजवीकडे, आणि पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ तेच आहे.

रोज सकाळी आम्ही सायकलवर निघतो, हे पुढे आणि मी मागे. ह्यांना वळून बघता येत नाही, म्हणून मी आहे की नाही हे ते माझ्या मागच्या चाकावरून ओळखतात. पाय मारायचे थांबवले की माझं चाक टर्रर्र वाजतं. वाजलं की ह्यांना कळतं, बायको आहे, आणि बोलणं पुढे चालू होतं. चढावर पाय थांबवता येत नाहीत, तिथे मी पायडल जरासं उलटं फिरवते, की झालं टर्र. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी मला गप्प बसवलं (पट्टी खाली पडली तरी कोपऱ्यात उभं करायच्या), पुढे ग्रंथालयात मी लोकांना गप्प बसवलं, आणि आता कुठे मला मनसोक्त आवाज करायला मिळतो आहे. तू हसशील, पण मला तो आवाज फार आवडतो.

तर मागच्या महिन्यात सायकलवाल्याने माझ्या चाकाच्या कडेवरून नख फिरवलं आणि त्याचा चेहराच पडला. ब्रेकचं रबर घासून घासून कड वाटीसारखी खोल झाली होती. उतारावर फुटली असती म्हणाला. (ह्या गृहस्थाला आम्ही वाराशास्त्री म्हणतो. वाऱ्याशिवाय त्याला दुसरा विषय नाही.) लगेच त्याने उंच काळ्या कडांची कार्बनची चाकं काढली. म्हणे, "काकू, ही वारा कापतात!" मी म्हटलं, "बाबा रे, मला वारा कापायचा नाही, नवरा गाठायचा आहे." तरी त्याने ती बसवलीच, चालवून तर बघा म्हणाला. वर कौतुकाने सांगतो, "इतकी शांत आहेत की तुम्ही आलात हे कुणाला कळणारसुद्धा नाही."

कळलं नाहीच. दुसऱ्या दिवशी पुलावर आडवा वारा सुटला आणि त्या उंच कडांना धरून त्याने मला ह्या कठड्याकडून त्या कठड्याकडे नाचवलं. मी पडले मागे. तेवढ्यात आमच्या दोघांच्या मध्ये एक दातांचा डॉक्टर शिरला, आणि त्याचं चाक वाजत होतं टर्रर्र! झालं. ह्यांनी त्याला सगळं सांगितलं. माझं घोरणं सांगितलं, जावयाच्या मिशा सांगितल्या. "संध्याकाळी जेवायला काय करायचं गं?" असं विचारलं. त्या सभ्य माणसाने "काहीही चालेल" म्हटलं, तर ह्यांनी काळजीने विचारलं, "सर्दी झाली का?" आणि न बघता पाण्याची बाटली मागे केली. डॉक्टर प्यायला! मी धापा टाकत पोचले तेव्हा तो मला अदबीने म्हणाला, "धाकट्या भावांची कवळी टोचत असेल तर पाठवा त्यांना." (कवळीचं मी ह्यांना शपथ घालून सांगितलं होतं. रागावू नकोस. डॉक्टर हलक्या हाताचा वाटतो.)

मग मी ह्यांनाच दुकानात नेलं. भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसवलं आणि वाराशास्त्र्याला मागे एकेक चाक फिरवायला लावलं. ढेप्या, काय सांगू तुला! "छे, ही फार भांडकुदळ आहे." दुसरं चाक. "ही आजारी वाटते." तिसरं. "ही कुणाची बायको आहे?" दुकानातली गिऱ्हाइकं खरेदी सोडून भोवती जमली. एका चाकाला तर हे "ही बरी आहे" असं काही म्हणाले की ते मी तिथेच बाजूला ठेवायला लावलं. शेवटी एक वाजलं आणि हे एकदम खूश. "हीच ती! आली बघ!" पण ते निघालं डिस्क ब्रेकचं. माझ्या सायकलचे ब्रेक जुन्या तऱ्हेचे, कडेला पकडणारे, त्यामुळे ते बसेना. वाराशास्त्री म्हणाला, सायकलच नवी घ्या. मी म्हटलं, आवाजासाठी चाक बदलते आहे, उद्या चाकासाठी सायकल आणि परवा सायकलसाठी नवरा बदलायला सांगशील.

तोवर त्याच मुक्या चाकांवर घंटी लावून बघितली. हे म्हणाले, घंटी काय, कोणीही वाजवतं. शाळेतल्या प्रार्थना म्हणत गेले, तर चढावर देवाचं नाव अर्धंच निघायचं. मग आठवलं, लहानपणी तू चाकाच्या तारांत पत्ता अडकवून फटफटी करायचास. मी बदामचा गुलाम चिमट्याने लावला. असा फडफडला की गल्लीतली सगळी कुत्री माझ्या मागे, आणि माझ्या जन्मात मी पहिल्यांदाच ह्यांच्या पुढे!

त्यावर हे म्हणाले, जाऊ दे, घरातच बसवायच्या दोन सायकली घेऊ. ढेप्या, मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. घरात हे बोलत नाहीत रे. घरात नुसतं 'हं'. जे काही बोलतात ते सायकलवर, समोरच्या रस्त्याकडे बघत. मुलीच्या लग्नात आपण का रडलो तेसुद्धा त्यांनी मला चढावरच सांगितलं. भिंतीसमोर बसून आम्ही काय बोलणार?

असो. माझं रडगाणं पुरे. तू गुडघ्याला शेक घे, भावजयबाईंना वाकू देऊ नकोस, आणि मुलांच्या कानावर माझी आठवण घाल.

तुझी,
ताई

ता. क. तुझी सायकल माझ्याच जोडीची. एकाच दुकानातून, एकाच सकाळी घेतलेली, तसेच ब्रेक, तशीच टर्रर्र वाजणारी चाकं. एकदा चालवून तू ती गॅलरीत टांगलीस आणि तिच्यावर टॉवेल वाळत घालतोस. टॉवेलला चाकं लागत नाहीत. तेवढी पाठवून दे.

आणखी ता. क. म्हणजे, पाठवलीस असं समज. वाराशास्त्री माल आणायला तुमच्या बाजूला आला होता, भावजयबाईंनी काढून दिली. तू दुपारचा झोपला होतास, उठवणं बरं दिसलं नसतं. गॅलरीत नवा पडदा दिसेल, तो छान आहे एवढंच म्हण.

शेवटचा ता. क. आज सकाळी तुझ्या चाकांवर टर्र टर्र करत निघालो. हे असे बोलत सुटले की विचारू नकोस. एवढ्यात एका फाटकाआडून कुत्रं भुंकलं आणि ह्यांनी गर्रकन मान वळवून बघितलं! चांगली खांद्यापर्यंत! मी सायकल आडवी घातली. "मान कधी सुटली?" तर म्हणे, झाले बरेच महिने. "मग मागे का बघत नाही?" पायडलशी चाळा करत म्हणाले, "बघितलं की रिटायर झालेली बाई दिसते. नुसतं ऐकलं की तू लग्नाआधीची असतेस." हा माझा अपमान आहे की आणखी काही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ठरेपर्यंत चाकं इकडेच राहतील.