स्कूटर माझ्यामुळे बंद पडत नव्हती

बाबा, तुमची स्कूटर काल वरुडहून मोर्शीला आपल्या घरापर्यंत एकदाही बंद न पडता आली, आणि तेव्हापासून मला तुमचा इतका राग आलाय की अन्न गोड लागत नाही. माणूस गेलं की त्याच्यावरचा राग निवतो म्हणतात. माझा तर आत्ता कुठे पेटलाय.

तुम्ही कोर्टातले वकील, समोरच्याचं तोंड बंद करण्यात हातखंडा. घरातही तेच. उन्हाळ्यात पेट्रोल उडून जातं म्हणून टाकीच्या झाकणाखाली तुम्ही जाड प्लास्टिकचा तुकडा घालून झाकण घट्ट आवळायचात, आणि ही हुशारी आल्यागेल्याला ऐकवायचात. घर ते कोर्ट गाडी मुकाट चालायची. मला मागे बसवून लांब निघालं की मात्र हमखास बंद. मग तुम्ही ती तिरपी करणार, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उतरलं म्हणणार, सीट उचलून, झाकण उघडून टाकीत डोकावणार, पुन्हा आवळणार आणि किक मारणार. चालू! "पाह्यलं? तिरपी केल्याशिवाय आयकत नाई." आणि लगेच, "तू मांगं हालत जाऊ नको बरं."

पॉलिटेक्निकच्या प्रवेशासाठी अमरावतीला वेळेवर हजर राहायचं होतं, तो दिवस आठवा. गाडी पुन्हा पुन्हा बंद पडतेय. एसटी थांबते, कंडक्टर दारातून ओरडतो, "वकीलसायेब, पोरीले द्या पाठवून, जागा हाय." तुम्ही हात हलवता, "जा तुमी, होते आता चालू." मी म्हणते, "बाबा, झाकण उघडलं का सूं करून हवा आत जाते. मंगच चालू होते ना गाडी?" तुम्ही वळून माझ्याकडे बघता. "तुले काय समजते त्यातलं?" आपण पोचलो तेव्हा माझं नाव पुकारून झालं होतं, जागा दुसऱ्या कुणाला गेली होती. संध्याकाळी तुम्ही हसत सगळ्यांना सांगितलंत, "ही मांगं बसली का गाडी बंद!" आत्यानं तिथल्या तिथे मला पांढऱ्या पायाची ठरवलं. परक्या अशिलासाठी घसा कोरडा करणारे तुम्ही, पोटच्या पोरीसाठी एक शब्द बोलला नाहीत. पुढच्या वर्षी अर्जही भरू दिला नाहीत. अजून कुणाच्या गाडीवर मागे बसले की मी अंग चोरून बसते, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

आईला आता जिना चढवत नाही, घर आवरायला काढलंय, म्हणून गाडी मी माझ्या घरी वरुडला आणली होती. जुनं पेट्रोल काढलं, कार्बोरेटरचं जेट फुंकून साफ केलं, त्यातला फ्लोट हलतोय ना ते पाहिलं. तरी संत्र्याच्या नर्सऱ्या ओलांडल्या की बंद. प्लग काढला तर कोरडा, म्हणजे पेट्रोलच पोचत नव्हतं. झाकण उघडलं. सूं! झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं हो, वकीलसाहेब. तुमच्या प्लास्टिकनं ते बुजलं होतं, ते मी काढून टाकलं. टाकीत हवा शिरली नाही तर पेट्रोल खाली उतरणार कसं? कोर्ट जवळ, तेवढ्यात काही कळायचं नाही. लांब जाताना मागे मीच असायची, म्हणून दोष माझ्या माथी. तुमच्या तिरपं करण्याचा काडीचाही संबंध नव्हता. मी सांगत होते, तुम्ही ऐकलं नाहीत. एका प्लास्टिकच्या तुकड्यापायी माझं शिक्षण गेलं आणि नाव खराब झालं ते वेगळंच.

हे पत्र पाठवायचं नाहीच, पाठवणार तरी कुठे. पण एक सांगून टाकते. काल दारात गाडी उभी केली तेव्हा आई बाहेर आली, आत्याही तिथेच बसली होती. आईनं विचारलं, "कशी काय चालू केली वं?" सगळं ओठावर आलं होतं. आणि मी म्हणाले, "बाबा करत तशी तिरपी केली." आईनं डोळ्यांना पदर लावला. "पाह्य, त्यायचंच खरं होतं ना," ती आत्याला म्हणाली. मी हो म्हटलं.